पंप उघडला त्या दिवशी

सासूबाईंच्या राज्यात काही वाया जात नसे. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून त्यांचा नवा गोळा व्हायचा. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळायच्या. आणि दवाखान्यात दिवसभर उभ्याने ड्यूटी करून आलेल्या सुनेला भाजीसाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागायचं, कारण तिकडे भाजी जराशी स्वस्त. घोटे सुजायचे, पण तोंड उघडायची सोय नव्हती. याच काटकसरीवर सासूबाईंनी एकटीच्या बळावर मुलगा वाढवला होता.

मग एके दिवशी कपडे धुण्याचं मशीन पाण्याने भरलं आणि तसंच अडून बसलं. दुरुस्तीवाल्याने उंबऱ्यातूनच नजर टाकली.

"पंप गेला. नवीनच घ्या."

नवरा लगेच हप्त्याच्या गोष्टी करायला लागला.

"थांब जरा," सून म्हणाली. "आज सुट्टी आहे. आधी मी उघडून बघते."

"म्हणजे काय, सलाईन लावणार त्याला?"

"गरज पडली तर तुलाही लावीन!"

सासूबाईंचं लक्ष भलतीकडेच. "अगं, पण बाजार?"

"आज नाही, आई. भाजी खालच्या दुकानातून आणू."

सासूबाईंचा चेहरा पडला, तरी बॅटरी धरायला त्या आल्याच. सुनेने मशीनची तार काढली, माहितीपुस्तक उघडलं आणि तळाशी कोपऱ्यातलं छोटं झाकण शोधलं. खाली परात सरकवून तिने आतली गोल फिरकी जपून फिरवली. पाणी असं काही उसळलं, की दोघींची पावलं भिजली. सासूबाई ओरडल्या, "गेलं गं मशीन, कायमचं गेलं!"

सुनेने बोटं आत घातली. आधी केसांचा पुंजका आला, मग एक बटण, आणि शेवटी ओढता ओढता प्लास्टिकची लांबच लांब चिंधी.

"आई, ही पिशवी मशीनमध्ये कशी आली?"

सासूबाईंनी बॅटरी उगाचच भिंतीकडे वळवली. "हाताने धुवायचा कंटाळा आला होता. चादरींबरोबर दोन टाकल्या."

रागावायची याहून चांगली संधी सुनेला उभ्या जन्मात मिळाली नसती. पण तिला हसू फुटलं, आणि बघता बघता सासूबाईंनाही आवरेना. ओल्या फरशीवर बसून दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

झाकण लावलं, तार जोडली, बटण दाबलं. मशीन घरघरलं, आणि पाणी खळखळत मोरीत गेलं. सुनेने दोन्ही हात वर केले. नवरा दारातच थिजला.

"हप्ते कसले भरतोस?" सासूबाई त्याच्यावर कडाडल्या. "डोकं चालवणारी बायको आहे तुझ्या घरात!"

त्याच रात्री जेवताना त्यांनी फर्मान काढलं. पिशव्या धुणं बंद, लांबचा बाजारही बंद. "त्यात वाचतं थोडं आणि जीव जातो फार. पण मोडलेलं फेकायच्या आधी उघडून बघायचं, ते मात्र सोडायचं नाही."

पुढच्या सुट्टीला सून दुपारभर पाय पसरून झोपली. उठून बघते तर सासूबाई टेबलाशी बसलेल्या, हातात पेचकस, आणि पुढ्यात शेजारणीचा मुका झालेला रेडिओ पोट उघडून पडलेला.

"ये लवकर," त्या म्हणाल्या. "दुरुस्त करून देईन, असा शेजारणीला शब्द देऊन बसलेय."

सुनेने केस बांधले आणि खुर्ची ओढली.