सिंधूताईंचा खोकला

सिंधूताई खोकायच्या त्या फर्माइशीवर. गॅस महागला की जो पक्ष विरोधात असेल त्याचा माणूस जरीपटका वस्तीत, बाजारामागच्या त्यांच्या चुलीपाशी येऊन उभा राहायचा. मग चौकात मंडप पडायचा, मंडपापुढे विटांची चूल, चुलीवर उपडा मटका आणि त्यावर सिंधूताईंची लांब रोटी. मोर्च्यातल्या इतर बायांच्या पोळ्या फोटोत दाखवण्यासारख्या नसत. सिंधूताई मात्र सैल कणकेचा गोळा हातांवर अशा झुलवत की तो कोपरापर्यंत रुमालासारखा उतरे आणि तापल्या मटक्यावर अलगद पडे. एवढं देखणं काम कॅमेऱ्यापुढे आयतं मिळत असताना सोडेल तो पुढारी कसला!

एरवी याच रोट्यांवर घर चालायचं. लग्नाच्या पंगती, मटणाची हॉटेलं, सगळीकडून मागणी असे. नवरा दादाजी लाकडं फोडून देत. घरात गॅसही होता म्हणा. पण भरलेलं सिलिंडर परवडेना, म्हणून रिकाम्यावर बसून दादाजी दाढी करत.

पहिल्यांदा आल्या त्या चारुशीलाताई. तेव्हा त्या विरोधात होत्या. "सिंधूताई, जरा खोका ना. लोकांना त्रास दिसला पाहिजे," त्या कानाशी म्हणाल्या. सिंधूताई खोकल्या. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस फुगतं, सिंधूताईही फुगल्या आणि माईक हातात घेऊन म्हणाल्या, "धुरानं आमचे फुप्फुसं काळे होऊन राहिले. हे चूल आमचा जीव घेते. आमाले नाही पायजे चूल!"

त्यांना खरं तर घरचा चहा-भाजी स्वस्तात व्हावी एवढंच हवं होतं. मटक्याला लाकडाचीच आच लागते, तो घरच्या गॅसच्या शेगडीवर तापत नाही, हे सांगायचं राहून गेलं. कोणी विचारलंही नाही.

पुढे चारुशीलाताईंचा पक्ष निवडून आला आणि भाव होते तिथेच राहिले. आता दुसऱ्या पक्षाचे विक्रमभाऊ विरोधात बसले. तोच चौक, तोच मटका, फक्त झेंड्यांचा रंग दुसरा. सिंधूताईंचं भाषण तर पाठच झालं होतं.

"काहून बोलत जाते वं असं चुलीले?" दादाजींना ते आवडत नसे. "तिच्याच जिवावर जेवून राहिलो आपण."

"बोलू द्या. तिले का मत द्याले जा लागते?"

मग हिवाळ्यात शहराची हवा बिघडली आणि नवल घडलं. रस्त्यातल्या खड्ड्यावरही ज्यांचं कधी एकमत झालं नाही, ते दोन्ही पक्ष सभागृहात एका बाकावर आल्यासारखे बोलले. उघड्यावर लाकूड-कोळसा जाळणं बंद. ठराव एकमताने मंजूर. चौकात मोठं होर्डिंग लागलं: एका बाजूला चारुशीलाताई, दुसऱ्या बाजूला विक्रमभाऊ, दोघांचे हात जोडलेले, आणि मधोमध तोंडाला पदर लावून खोकणाऱ्या सिंधूताई. खाली त्यांचेच शब्द: ही चूल आमचा जीव घेते.

आपला एवढा मोठा फोटो पाहून सिंधूताई आधी हरखल्या. चार जणींना बोलावून दाखवला. पालिकेचं जप्तीचं पथक आलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. विटा उधळल्या गेल्या, मटका गाडीत गेला.

त्या चारुशीलाताईंकडे धावल्या. "अहो, तुमच्याच शब्दाला मान दिला आम्ही," ताई म्हणाल्या. विक्रमभाऊंनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "मावशी, सगळ्यांनीच हात वर केले. आता मी काय करू?"

दुसरा मटका आणून सिंधूताईंनी घरच्या शेगडीवर ठेवून पाहिला. तो मधेच तडकला. हॉटेलांनी गॅसवरचे तंदूरवाले धरले. दादाजी या वयात कन्हानला गिट्टी भरायला जाऊ लागले आणि संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून पडू लागले. सिंधूताईंना वाटे, यांनी दोन शिव्या तरी द्याव्यात.

अशात गॅस पुन्हा महागला. विक्रमभाऊंचा माणूस दारात हजर.

"चला मावशी, मोर्चा हाय."

"चूल तं तुम्हीच बंद केली ना गा?"

"मोर्च्यापुरती परवानगी काढली हाय. पोलीसही देल्ले."

चौकात चूल मांडलेली होती आणि तिच्यावर सिंधूताईंचाच मटका होता. काठावर जप्तीचा नंबर पडला होता. त्यांनी त्यावरून हात फिरवला. पोलिसांच्या कड्यात जाळ पेटला, आणि कितीतरी दिवसांनी हातांना काम मिळालं. रोट्या अशा उतरल्या की पाहत राहावं. नेत्यांनी त्या कॅमेऱ्यापुढे झेंड्यासारख्या धरल्या आणि गाडीच्या बॉनेटवर टाकल्या. कोणी घासही मोडला नाही.

"मावशी, खोका ना," तो माणूस म्हणाला.

सिंधूताई खोकल्या. भाव उतरलेच पाहिजेत असं माईकमध्ये ओरडल्याही.

मंडप उतरू लागला. शिपायाने चुलीवर बादली ओतली. गरम मटका फडक्यात गुंडाळून पथकाच्या गाडीत चढवला, तसा सिंधूताईंनी विक्रमभाऊंच्या माणसाचा हात धरला. आता आपला मटका फक्त इथेच भेटणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"भाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "आता पुन्हा भाव कधी वाढन गा?"