शेंगदाणेखाऊचे डोळे

तेनकोदोगोच्या पाणी कार्यालयात म्हाताऱ्या मीटरवाल्यांना फोन शिकवायला राजधानीहून जी पोरगी आली, ती गुरुंसी जमातीची निघाली, तेव्हाच सेदू लेंगाने हा जुना मीटरवाला सावध झाला. सेदू बिस्सा जमातीचा. बिस्सा आणि गुरुंसी यांचं नातं थट्टेचं. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना गुलाम म्हणायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच नाचक्की. आता सांगा, म्हाताऱ्यांना निमूट ऐकायला लावायचं असेल तर याहून सोयीचं माणूस कुठे मिळेल? कार्यालयाच्या सोमदासाहेबांनी तिला मुद्दाम निवडून आणलीय, असं सेदूने ठरवूनच टाकलं.

एदविज बाझिए तिचं नाव. पहिल्याच सकाळी तिने टेबलावर भाजलेल्या शेंगदाण्यांचं ताट ठेवलं.

"या, माझ्या गुलामांनो! शेंगदाणे दिसले की तुम्ही बिस्सा लोक बायकोलासुद्धा विसरता. मग फोनची भीती ती काय!"

"तुम्हा कुत्रं खाणाऱ्या गुरुंसींच्या हातचं मी खात नाही," सेदू म्हणाला.

सगळे हसले. सेदूने मात्र खरोखरच एकही दाणा तोंडात टाकला नाही. फुकट शेंगदाणे म्हणजे नक्की सापळा. शेजारच्या झारेने मुठी भरभरून खाल्ले, तेव्हा सेदूला त्याचीच कीव आली.

खरं म्हणजे भीती फोनची नव्हतीच. गेल्या पावसाळ्यापासून सेदूच्या डोळ्यांपुढे धुळीचा वारा सुटावा तसं झालं होतं, आणि तो काही थांबत नव्हता. मीटरवरचे आकडे म्हणजे नुसत्या मुंग्या. पण गडी हुशार. दारात जाऊन म्हणायचा, "बाई, आकडा तुम्हीच मोठ्याने वाचा, म्हणजे मागाहून माझ्या नावाने बोंब नको." बायका खूश. असा सरळ मीटरवाला गावात दुसरा नाही, असं त्याच सांगत फिरायच्या. हे सोंग छान चाललं होतं, तर आला हा फोन. मीटरचा फोटो काढायचा आणि फोटोत बघून आकडा स्वतः भरायचा. साहेबांचा हुकूम होता, तीन दिवसांत ज्याला जमणार नाही त्याने घरी बसावं. पेन्शनला अजून दोन पावसाळे होते. त्याआधी हातात नारळ आला तर सगळंच बुडालं.

दुसऱ्या दिवशी एदविज त्याच्याबरोबर फेरीला निघाली. पहिल्याच घरी त्याने झाकण उचललं, फोन धरला आणि फोटो काढला. फोटोत मीटर नव्हता, शेजारची वीट होती. तेवढ्यात घरची बाई सवयीने पुढे आली आणि वाकून आकडा वाचून मोकळी झाली.

एदविजने विटेचा फोटो पाहिला. मग बाईकडे पाहिलं. एरवी जिची जीभ टाळ्याला लागत नसे, ती नुसती झाकण लावून पुढच्या घराकडे चालू लागली.

संध्याकाळी साहेबांच्या दारात दोन आकृत्या उभ्या होत्या. थोराड ती साहेबांची, बारीक ती तिची. बोलणं हळू चाललं होतं. सेदूला ती दोघं आपल्याचकडे बघताहेत असं वाटलं, आणि त्याने गाडी चालू न करता ढकलतच फाटकाबाहेर नेली. घात झाला, आपणच साप घरात घेतला, असं म्हणत तो घरी गेला आणि न जेवता पडला.

सकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं.

"हं, बाझिए. कोणाला जमणार नाही ते सांग."

एदविजने सरळ सेदूकडे बोट केलं. "याला! साहेब, हा म्हातारा आंधळा झालाय! घराघरातल्या बायका याचे मीटर वाचतात!"

सेदू दाराकडे सरकला.

"शेंगदाणे खाऊन खाऊन याच्या डोळ्यांवर टरफलं चढलीत!"

हशाचा नुसता स्फोट झाला. झारेला ठसका लागला. साहेब टेबलावर हात आपटत होते. सेदूला राग असा आला होता की कानशिलं तापली, पण तोंडाने आपलं काम केलं.

"आंधळा आहे म्हणून तर तुझ्याकडे बघवतंय!"

"बस, बस!" साहेब डोळे पुसत म्हणाले. "लेंगाने, तुझी जीभ चालतेय तोवर तुला घरी कोण बसवतंय? पुढे चला."

दुपारी सेदूने तिला कडुलिंबाखाली गाठलं.

"आता एकटीने जाऊन खरं कधी सांगणार साहेबांना?"

"सांगितलं की, काका. तुमच्यासमोर. सगळं खरं सांगितलं, एक शब्द खोटा नाही. ते हसले, त्याला मी काय करू?"

"आणि काल दारात काय कुजबुजत होतीस?"

"शिकवायला आणखी एक आठवडा मागत होते. साहेब नाही म्हणाले."

"तुला यात काय मिळतं?" सेदूने विचारलं. संशय इतक्यात कुठला जायला.

"माझा गुलाम घरी बसला तर मी शिव्या कोणाला देऊ? आणि ऐका, सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्यात यायचं. मोतीबिंदू असेल तर काढून टाकतील. विचारत नाहीये मी. थट्टेच्या नात्याला नाही म्हणता येत नाही, ठाऊक आहे ना? तोवर हे बघा."

तिने त्याचा हात धरून फोन कार्यालयाच्या मीटरवर रोखला, फोटो काढला आणि त्याची दोन बोटं काचेवर ठेवली. "ताणा. लाजू नका, फाटत नाही."

त्याने बोटं फाकवली. मुंगी फुगली, आणखी फुगली, आणि काचभर होऊन उभी राहिली.

"सात," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पोरी, वर्षभरात मी स्वतः वाचलेला हा पहिला आकडा."

तोंड फिरवून तिने बाहीने नाक पुसलं, आणि तोवर त्याने स्वतःहून पुढचा आकडा ताणायला घेतला होता.