सात देवळं आणि चार गुडघे

जपानातल्या आमच्या ओनोमिची गावात माणसाला हाकलायचं असलं की त्याच्यासाठी खुर्ची आणतात. आमच्या पर्यटन कार्यालयाचे साहेब हिराकावा गेल्या महिन्यात मला म्हणाले, "सेगावाबाई, तिकिटांच्या टेबलाला नवी खुर्ची आलीय. पाठीला गादी आहे. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला शोभेल."

मला काय कळत नाही? एकोणसत्तर वर्षांची आहे मी. सव्वीस वर्षं पाहुण्यांना घेऊन बंदरापासून डोंगरावरच्या देवळांपर्यंत चढतेय. बहुतेकदा एकच पाहुणा, सोबत फक्त मी. गुडघे वर्षभर कुरकुरतायत, पण ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. साहेबांना मात्र वास लागला असावा. त्यांनी नियम काढला: सात देवळांची फेरी चार तासांत पुरी व्हायलाच हवी, आणि शेवटी पाहुण्याने कागदावर अभिप्राय लिहायचा. शुक्रवारच्या फेरीचा कागद ते स्वतः वाचणार होते. डोंगर की खुर्ची, ते त्यावर ठरणार होतं.

शुक्रवारची पाहुणी निइगाताची. चिझुरु उरागामी, वय चौऱ्याहत्तर, किरकोळ बांधा, जांभळी टोपी. स्टेशनावर तिने वाकून नमस्कार केला तो इतका खाली, की मला त्याहून खाली वाकावं लागलं. उठताना माझा गुडघा कट्टकन वाजला.

"काय वाजलं हो?"

"जहाजं दुरुस्त करतात ना बंदरात," मी म्हणाले. "दिवसभर ठोकाठोकी."

माझी एक युक्ती आहे. दर्शन झालं की पाहुणे आपली शिक्क्यांची वही पुढे करतात. पुजारी कुंचला शाईत बुडवून देवळाचं नाव लिहितो आणि वर लाल शिक्का मारतो. तेवढ्यात बाकावर टेकायचं. "अक्षर बघा कसं काढतायत, घाई करून चालत नाही," असं मी मोठ्या भक्तिभावाने सांगते. भक्ती कसली, बूड टेकायची सोय!

पहिल्या देवळात सहा मिनिटं मिळाली. दुसऱ्यातले पुजारी ऐंशीचे. त्यांनी उरागामीबाईंचं गाव विचारलं, तिकडच्या भाताचं पीक विचारलं, मग कुंचला उचलला. पाव तास! मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरले. तिसऱ्या देवळात दैव फिरलं. पुजारी कुणाच्या तरी अंत्यविधीला गेलेले, आणि लिहून ठेवलेले कागद तबकात. घ्या आणि वहीत चिकटवा. चौथ्यात पुजाऱ्यांची सून बसली होती. तिचा हात एवढा चपळ, की मी बाकाला टेकते न टेकते तोच "झालं!"

"दमलात का?" मी आशेने विचारलं.

"छे हो, मुळीच नाही! तुम्ही?"

"मी? माझं तर रोजचंच."

आमच्याकडे 'दमले' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणं. ते समोरच्याने म्हणावं, मग आपण त्याच्यासाठी म्हणून थांबावं. आम्ही दोघींनी ते एकमेकींवर सोडलं आणि दोघीही चढत राहिलो. एवढा शहाणपणा जगात दुसरं कुणी करत नसेल.

पाचव्या देवळाला एकशे वीस पायऱ्या. चाळिसाव्या पायरीवर मी थांबले. "इथून समुद्र फार सुंदर दिसतो."

"वा! खरंच," ती लगेच म्हणाली आणि कठड्याला रेलली.

पुढे वीस पायऱ्यांवर ती थांबली. "ते मांजर बघा, किती गोड झोपलंय!"

मांजर कसलं, काळी पिशवी होती. तरी आम्ही दोघींनी तिचं भरपूर कौतुक केलं.

पाचवा शिक्का मिळाला. उरागामीबाईंनी वही मिटली आणि सहाव्या देवळाच्या चढाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "चला?" ती म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. माझ्या गुडघ्यांचं बोलले तर ते कागदावर येणार आणि माझा डोंगर सुटणार. न बोलले तर ही बाई पायऱ्यांवर कोसळेल, पण थांबू या म्हणणार नाही. मला भीती वाटली, आणि या वेळी ती स्वतःची नव्हती.

"उरागामीबाई, माझे गुडघे दुखतायत," मी म्हणाले. "वर्ष झालं. मला आता पुढे चढवणार नाही."

ती मटकन पायरीवर बसली. "अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं! तिसऱ्या देवळापासून वाट बघतेय, ही बया कधी बसू या म्हणते!"

"मग तुम्हीच का नाही म्हणालात?"

"तुम्ही एवढ्या जुन्या, अनुभवी. तुमचा मान कसा मोडायचा?"

"आणि ते मांजर?"

"पिशवी होती. ठाऊक आहे मला."

आम्ही पोट धरधरून हसलो. मग रोपवेने खाली आलो, संत्र्याची फोड भरलेले मोची, म्हणजे तांदळाच्या पिठाचे मऊ लाडू, घेतले आणि पलीकडच्या बेटाला जाणाऱ्या होडीत बसलो. सहावं आणि सातवं देऊळ मी पाण्यावरून बोट दाखवून सांगितलं, आणि असं निवांत मी आजवर कधीच सांगितलं नव्हतं. होडी तिसऱ्यांदा धक्क्याला लागूनही आम्ही उतरलो नाही तेव्हा होडीवाला म्हणाला, "आज्यांनो, परत जायचंय की इथेच बिऱ्हाड थाटताय?"

तिने होडीतच कागद भरला, पाकिटात घालून चिकटवला आणि दोन्ही हातांनी मला दिला.  

संध्याकाळी साहेबांनी पाकीट फोडलं आणि कागद मोठ्याने वाचू लागले. "सात देवळं पूर्ण झाली का? नाही, पाच. वेळ? पाच तास वीस मिनिटं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पुढे वाचा ना," मी मान खाली घालून म्हणाले.

"'मार्गदर्शक कशी वाटली? आजवर मला सगळीकडे "आता थोडंच राहिलं" म्हणणारेच भेटले. खरं सांगणारी ही पहिली. नोव्हेंबरात आमच्या गल्लीतल्या अकराजणींना आणतेय. सगळ्यांत लहान एकाहत्तरची. आम्हाला याच बाई हव्यात. कृपया धडधाकट गुडघ्यांचं कुणी पाठवू नये.'"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. साहेबांनी कागद पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला, मग नोंदवहीतलं नोव्हेंबरचं पान काढून पेन उघडलं.

"किती वेळ धरू, सेगावाबाई? चार तास?"

"दिवसभर," मी म्हणाले.