मागावरची बोली

देवानं माणसाला गळा दिला तो चार प्रेमाचे शब्द बोलायला. पण यंत्रमागांच्या खडखडाटात उभी हयात घालवलेल्या माणसाला हळू बोलणं कुठून जमणार? कारखान्यात सगळे त्याला भोंगाच म्हणत. बायको शेजारच्याच मागावर. तिथं कानांना कायमची सुट्टी. विणकर एकमेकांचे ओठ वाचत. दोघांची भांडणं तशीच व्हायची आणि समेटही.

कारखान्यातला बॉयलर फुटला, डोळ्यांदेखत दोन सोबती गेले, तेव्हापासून भोंग्याचं काळीज थाऱ्यावर नव्हतं. काही खणकन वाजलं की तो जमिनीवर आडवा. परवा सुनेच्या हातून झाकण पडलं, तर तो चिमुरड्या नातीला खाली घेऊन तिच्यावर पालथा पडला. सुनेनं त्याला ओढून काढलं आणि पोरीला घेऊन माहेर गाठलं. "आधी औषधपाणी करा, मग नात भेटेल."

म्हणून भोंगा आणि बायको दवाखान्यात आली. मनाचा डॉक्टर आठवड्यातून एकदाच. खोलीला दार नाही, नुसता पडदा. बाहेर बाकावर माणसं खचाखच.

"काका, काय होतंय?" केसपेपरच्या खिडकीतल्या बाईनं विचारलं.

भोंगा आपल्या परीनं कुजबुजला. "मला भीती वाटते!"

अख्खा बाक वळला.

"अरे भोंग्या!" कारखान्याच्या फाटकावरचा चहावाला बाकावरून ओरडला. "वेड्यांच्या रांगेत तू कसा?"

"पाठ! पाठ धरलीय माझी!"

"मग हाडांकडे जा. वरच्या मजल्यावर," बाई म्हणाली.

जिन्यात बायकोनं नुसते ओठ हलवले. "पाठ धरलीय म्हणे! पाठ दाखवताय तुम्ही." मनगट धरून तिनं त्याला माघारी आणलं.

पडद्याआड डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगा, काका."

भोंगा पडद्याकडे बघत राहिला. पलीकडे चहावाला खोकला. मग भोंगा बायकोकडे वळला आणि आवाज न काढता ओठांनी बोलू लागला. ती ते वाचून हलक्या आवाजात सांगू लागली.

"झाकण पडलं... यांनी पोरीला खाली घेतलं... नुसतं झाकणच आहे, हे यांना लगेच कळलं..." ती थबकली. घरी त्यानं सांगितलं होतं, शुद्धच हरपली होती म्हणून. "पोरगी म्हणत होती, आजोबा, गुदमरतंय. यांना ऐकू येत होतं. पण हातपाय उचलेनात. मग पोरगी गप्प झाली, तरी..."

भोंग्यानं मान खाली घातली.

"अंग असं गोठतं कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार आहे, काका, गुन्हा नव्हे. आणि याला उपचार आहेत."

तो फरशीकडेच बघत होता. बायकोचे ओठ हलत असणार, हे त्याला ठाऊक होतं. न बघितलं की ऐकावं लागत नाही. तिनं हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं.

"मला तरी सांगायचं होतंत," ओठ म्हणाले. "आता सुनेला हे तुम्हीच सांगायचं. मी नाही."

भोंग्याला डोळे गच्च मिटून घ्यावेसे वाटले. त्यानं मिटले नाहीत.