उघडी शिवण

माझ्या ताईला उसवलेलं काही बघवत नाही. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली आणि पडद्याची शिवण सुटलेली दिसली, की हिच्या पर्समधून सुई बाहेर. म्हणूनच नाटकाच्या कपडेपटात मी तिला माझ्या हाताखाली घेतलं. ‘हाताखाली’ हा शब्द मी तिच्यासमोर वापरत नाही.

नाटक दोनेकशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतलं, आणि मुख्य भूमिकेत ताईचीच मुलगी, आमची चिमणी. चिमणीला दमा आहे. शेवटच्या अंकात तिला रडत-ओरडत बरंच बोलायचं असतं, आणि नेमकी तिथेच तिला धाप लागते. औषधाचा पंप जवळ हवाच. पण ठेवायचा कुठे? तिचा झगा वरून इतका आवळलेला, की त्यात चिठ्ठीसुद्धा मावली नसती.

उपाय मला शब्दकोशात सापडला. पॉकेट म्हणजे मुळात छोटी पिशवी. जुन्या इंग्रजीत ‘पोक’ म्हणजे पिशवी, तिचंच हे पिल्लू. पुढे ती कपड्याला आतून शिवून टाकली, पण नाव तेच राहिलं. मग खिशात मावणारं पुस्तकही पॉकेट झालं आणि बिलियर्डच्या टेबलाला लटकणारी जाळीही. तिकडच्या बायका मात्र कितीतरी काळ ती पिशवी झग्याखाली कमरेला बांधत आणि शिवणीतल्या फटीतून आत हात घालत. तशीच पिशवी मी चिमणीसाठी केली, आत पंप ठेवला, आणि झग्याची उजवी शिवण वीतभर उघडी सोडली.

हे सगळं मी तालमीत सगळ्यांना ऐकवलं. ताई तोंडात टाचण्या धरून ‘हं, हं’ करत होती. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या प्रयोगाला आम्ही दोघी विंगेत उभ्या होतो. शेवटच्या अंकात चिमणीचा आवाज चिरकला. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला असेल, आम्हाला नाही. तिचा हात उजव्या बाजूला गेला, खाली सरकला, वर आला, पुन्हा खाली गेला.

“काय चाचपतेय ती?” ताईने विचारलं.

“फट शोधतेय. पंप आत आहे ना.”

ताईचा चेहरा उतरला. “ती फट? अगं, ती मी मघाशी शिवली. इस्त्री करताना उसवलेली दिसली. चांगली दुहेरी टीप मारली.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताईचा राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. पडदा ओढणारा पलीकडच्या विंगेत होता, आणि माझे हातवारे त्याला दिसेनात. चिमणी खुर्चीचा हात धरून खाली बसली. तिचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हते.

“तुला सांगितलं होतं मी...” एवढं मी म्हणेपर्यंत शेजारी ताई नव्हती.

गळ्यात मापाची टेप, पुढे कामाचा एप्रन, मुठीत धागे कापायची कात्री, अशी ती सरळ रंगमंचावर गेली. जन्मात कधी माईकसमोर न उभी राहिलेली बाई. प्रेक्षकांकडे पाठ करून ती चिमणीशेजारी गुडघ्यांवर बसली. पण टीप ताईची होती, ती कात्रीला दाद देईना. मग तिने शिवण दातांत धरली आणि ओढली. कापड फाटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. डोळे पुसत असल्याचं दाखवत तिने एप्रन चिमणीच्या तोंडासमोर धरला, आणि त्याच्या आड पंप दोनदा दाबला गेला.

चिमणीचे खांदे वर गेले, खाली आले. पुन्हा वर गेले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

“जा तू आता,” चिमणी दासीला म्हणावं तशी म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता. माझा जीव भांड्यात पडला.

ताई गेली नाही. लेकीचा झगा मुठीत धरून, अंक संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

प्रयोगानंतर कपडेपटात ती झगा मांडीवर घेऊन बसली. सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. फटीच्या दोन्ही कडांना तिने काजासारखे जवळ जवळ टाके घातले, पुन्हा कुणाला ती उसवलेली वाटू नये म्हणून.

“सांग आता,” ती म्हणाली.

“काय?”

“ते पिशवीचं. पहिल्यापासून.”

टाचण्या टेबलावर, डबीत होत्या. मी पहिल्यापासून सांगितलं.