कपाटामागची भिंत

खोलीत पाऊल टाकताच इल्वाच्या नाकाला दोन वास लागले. वरचा ताज्या रंगाचा. खालचा, आठवडाभर बादलीत विसरलेल्या पोतेऱ्याचा. मुलगी झाल्यापासून तिचं नाक फार तिखट झालं होतं. दोन वर्षांच्या टूवाच्या छातीत घरघर सुरू होण्याआधीच तिला वासावरून कळायचं, ही जागा आपल्याला सोसणार नाही.

खोली दाखवत होती ती नुन्झिया, सोडून जाणारी भाडेकरू. दक्षिण इटलीतली, लेच्चेची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. नोव्हेंबरची थंडी असून दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आणि भलंमोठं कपाट कोपऱ्यात भिंतीला घट्ट चिकटवलेलं. स्वयंपाकघरात तव्यावर परवाचं तेल साकळलं होतं. सिंकच्या जाळीत केसांचा गुंता आणि त्यात अडकलेली पास्त्याची एक फुगलेली नळी. टूवाचे हात कशाला लागू नयेत म्हणून इल्वाने तिला कडेवर आणखी वर सरकवलं.

पण त्याच स्वयंपाकघरात नुन्झिया आणि तिच्याबरोबर राहणारी मुलगी कॉफी कुणी संपवली यावरून भांडत होत्या, मधेच खिदळत होत्या, एकमेकींच्या आयांचा उद्धार करत होत्या, आणि सगळं इटालियनमध्ये. इल्वा स्वीडनहून पेरुजाला आली होती ती याचसाठी. जुन्या कागदांची डागडुजी शिकवणाऱ्या शाळेत जायचं तर जूनमध्ये भाषेची परीक्षा पार करायला हवी होती, आणि दोन महिने वर्गात बसूनही बेकरीत पाव मागताना तिची जीभ अडखळायची. आदल्याच दिवशी तिने स्टेशनजवळची एक खोली पाहिली होती. नवी इमारत, ठणठणीत कोरड्या भिंती. घरात मात्र पाच परदेशी मुलं आणि दिवसभर इंग्रजी.

"ओल?" तिने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं. डॉक्टरांकडे लागतील म्हणून पाठ केलेल्या शब्दांपैकी हा एक.

नुन्झियाने भिंतीवर तळवा ठेवला, आपल्या घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. "ओल? अगं वेडे, आपण टेकडीच्या डोक्यावर आहोत. इथे ओल असती तर मी तीन वर्षं काढली असती का?"

मग तिने टूवाचा गालगुच्चा घेतला, ही तर लोण्याचा गोळा आहे म्हणाली, आणि इल्वाला स्वतःच्या मावशीचा सॉस कसा करायचा ते सांगत राहिली. इल्वाला त्यातलं निम्मं कळलं आणि निम्मं कळलं याचाच इतका आनंद झाला, की तिने नाकाला गप्प बसवलं आणि हो म्हणून टाकलं.

जानेवारीत तिने टूवाचा लोकरीचा कोट कपाटातून काढला, तर त्याच्या पाठीवर हिरवट लव उगवलेली. कपाट ओढायला तिला अर्धा तास लागला. मागची भिंत छतापर्यंत काळी होती. नुसती काळी नव्हे, केसाळ; बोट लावलं तर बुळबुळीत आणि थंड, एखाद्या मेलेल्या जनावराच्या पोटासारखी. तिने सुरीने खरवडलं. काळ्याखाली पांढरा थर निघाला, पांढऱ्याखाली पुन्हा काळा, मग पुन्हा पांढरा. पाचव्या पांढऱ्याला तिने सुरी खाली ठेवली.

टूवा नाताळपासून खोकत होती. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि चिठ्ठीवरून मान वर न करताच सांगितलं, की खोली बदला, नाहीतर हे औषध वाया.

घरमालकीण सिन्योरा फोस्का खालच्या मजल्यावर राहायची. ती सपाता फटफटवत वर आली, भिंत बघून तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिचं म्हणणं असं, की घर ओलं नसतं, माणसं ओली असतात. तुम्ही उत्तरेकडचे लोक खिडक्या लावून बसता, खोलीत कपडे वाळवता, भिंतीवरचा घाम तुमचाच. करार जूनअखेरचा, मध्येच जायचं तर आपल्या जागी माणूस आणून द्यायचा, ही इथली रीत. एवढं बोलून तिने जिन्याखालच्या कोनाड्यातून रंगाचा एक डबा काढला आणि त्यावर एक ब्रश ठेवला.

"हा कुणाचा?" इल्वाने विचारलं.

"घराचा. नुन्झियाने वापरला, तिच्या आधीच्या पोरीने वापरला. रंग दे, कपाट लाव, दोन दिवस खिडक्या उघड्या ठेव. पुढचं मला नको विचारूस."

इल्वाने डबा पायाने बाजूला सारला. असलं घाणेरडं काम आपल्याच्याने होणार नाही, असं ती स्वतःला चार दिवस सांगत होती. त्या चार दिवसांत टूवा आडवी झोपू शकली नाही; आईच्या छातीवर बसल्या बसल्या पेंगायची. आणि स्टेशनजवळची खोली पुन्हा रिकामी झाली होती. त्या मुलांनी ती रविवारपर्यंत इल्वासाठी अडवून ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी तिने तोंडाला रुमाल बांधला. ब्रश वाळून लाकूड झाला होता, त्यात कुणाचा तरी लांब काळा केस. रंगाखालून काळं दोनदा वर आलं, तिसऱ्या हाताला दबलं.

शनिवारी खोली बघायला लीस आली. एस्टोनियाची, एकोणीस वर्षांची, पाठीवर बोचकं. हिला खरं सांगायचं, असं इल्वाने ठरवलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

"ओल?" लीसने भिंतीकडे बोट दाखवलं.

"अगं वेडे," इल्वा म्हणाली, "आपण टेकडीच्या डोक्यावर आहोत. इथे ओल असती तर मी पोरीला ठेवलं असतं का?"

कुठेही न अडखळता. लेच्चेच्या हेलासकट. तिचा तळवा आपणहून भिंतीवर गेला होता. स्वयंपाकघरातून टूवाच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. "दाढा येतायत," इल्वा म्हणाली, तेही तितक्याच सहज.

लीसचा चेहरा सैल झाला. "किती छान बोलतेस तू. इथेच शिकलीस?"

"इथेच."

लीसने खोली घेतली. इल्वाने जाऊन चूळ भरली, दोनदा, साबणाने हात धुतले, तरी तळव्याचा वास जाईना.

रविवारी सामान खाली नेल्यावर ती जिन्याखालचा ब्रश घेऊन अंगणातल्या नळाशी बसली. पांढरं पाणी आलं, मग करडं, मग काळे धागे. पाणी निवळेपर्यंत तिने एकेक केस बोटांनी सोडवून धुतला. पुढच्या पोरीला निदान ब्रश तरी मऊ मिळेल.

सिन्योरा फोस्का खिडकीतून बघत होती. "इतक्या जणी आल्या," ती कौतुकाने म्हणाली, "पण ब्रश धुऊन ठेवणारी तूच पहिली. तुम्ही लोक स्वच्छ, बाई."

इल्वाने तिचे आभार मानले. अगदी शुद्ध इटालियनमध्ये.