परदेशातील नातेवाईक : सख्खी बहीण

"ताईला यातलं काही बोलू नकोस," आई म्हणाली होती. "ती भलतंच मनावर घेते." मी हसण्यावारी नेलं. ताईपासून मी काय लपवणार?

मी सरकारी कचेरीत समुद्राचे नकाशे काढते. कुठे पाणी किती खोल, कुठे खडक. वरच्या मजल्यावरच्या बंद विभागात मला बढती मिळणार होती. पण तिथे बसायचं तर सुरक्षा मंजुरी लागते. परदेशात आपलं कोण, ते काय करतात, सगळं कळवावं लागतं. माझी ताई परदेशात, आणि भाऊजी तिथल्या नौदलात. मी दोघांची माहिती भरून दिली आणि फोनवर ताईला चिडवलं, "तुझ्या नवऱ्यापायी माझी बढती लटकणार बघ."

"येऊ दे घरी, बघते त्याच्याकडे," ती म्हणाली.

त्यानंतर तिचा फोन येईना. एरवी मी माझ्या पिल्लूला भरवायला बसले की ती फोनवरून दम द्यायची, "आ कर, नाहीतर तुझ्या वाटचं मी खाईन." आता मी फोन लावला की कट. मेसेज आला तर एवढाच, 'मजेत आहे. काळजी नको.' साधी खुशाली सांगायला जिला अर्धा तास पुरत नाही, तिचं हे उत्तर.

चौकशीला आलेले अधिकारी मोजकं बोलणारे होते.

"बहिणीशी बोलणं होतं?"

"रोज व्हायचं."

"व्हायचं?"

"अर्ज दिल्यापासून ती फोनच उचलत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मंजुरीपायी असं बोलणं पुष्कळजण तोडतात, आणि तिथेच शंका येते. परदेशात बहीण असणं हा गुन्हा नाही. तिच्या आडून कोणी तुमच्यावर दबाव आणेल का, आणि तुम्ही काही दडवताय का, एवढंच आम्ही बघतो. बोलू नकोस असं तुम्ही सांगितलंत तिला?"

"मी कशाला सांगू? तिला वाटतंय, ती माझं भलं करतेय. सर, लिहून घ्या. ती माझी बहीण आहे आणि मी तिला रोज फोन लावणार. कामातलं अक्षरही तिला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिला पुढे करून कोणी मला धमकावलं, तर पहिला फोन तुम्हाला करीन."

"आणि बढती अडली तर?"

"खालीच बसेन. तिथे खिडकी तरी आहे."

ते हसले नाहीत, पण शब्दन् शब्द लिहून घेतला.

निकाल अजून यायचाय. येईल तेव्हा येईल. मी खरं ते सांगून मोकळी झालेय. माझा जीव अडकलाय तो दुसरीकडे. ताईला आठवा महिना लागलाय, भाऊजी जहाजावर आहेत, आणि चौकशी संपेपर्यंत मला देश सोडता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही तिकडे, त्या बंदराच्या गावात राहत असाल, तर दीपगृहाकडे चढणाऱ्या गल्लीत जा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिचं घर आहे. बेल वाजवून थांबा, तिला यायला वेळ लागेल. म्हणावं, धाकटीने सगळं कळवून टाकलंय, आता फोन उचल. ती 'मजेत आहे' म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नका. पायांवर सूज आहे का, तेवढं नीट बघा.